पान चार खिडकीबाहेर

रविवारी सकाळी जिन्याची खिडकी साफ करायला घ्यायची आणि मधल्या चहापर्यंत हात धुऊन मोकळं व्हायचं, एवढाच काटेसाहेबांचा बेत होता. पुढं जे झालं त्यात प्रेशर कुकर, एक सरकारी कुलूप, बादलीभर साबणाचं पाणी आणि खुद्द काटेसाहेबांचं पोट इतक्या गोष्टी गुंतल्या, की मूळ बेत किती साधा होता हे आता कुणी ऐकूनच घेत नाही. म्हणून ते आधी सांगून ठेवलेलं बरं.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोट्या मापांवर पंचनामे करायचे, हा त्यांचा रोजचा धंदा. त्यामुळे घरीही त्यांना मोघम काही चालत नसे. बायकोनं 'जरासं मीठ टाकलं' म्हटलं तरी 'जरासं म्हणजे किती?' असा प्रश्न आलाच. अशा माणसाला सोसायटी दुसरं काय नाव ठेवणार?

खिडकी जिन्याच्या पहिल्या वळणावरची. ती खिडकी आहे हे चौकटीवरून कळायचं. उजेड तिनं कधी कुणाला दिला नव्हता. तावदानांवर आतून तेलरंगाचे थरावर थर. लोक तिथं ठेचकाळत, दिव्याला शिव्या देत आणि वर जात. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी ठराव आणला, की ही खिडकी चौकटीसकट उखडून सरकत्या काचांची नवी बसवावी. कंत्राटदार पंधरवड्यानं, सोमवारी येणार. सगळ्यांनी हात वर केले. काटेसाहेब मात्र उभे राहिले. "मोडण्याआधी ती साफ तरी करून बघा," ते म्हणाले. "न तपासता माल नापास करायचा हे आमच्या खात्यात चालत नाही."

"मग करा की तुम्हीच," सेक्रेटरी म्हणाले. सभेत उभं राहून बोलण्याचा हा तोटा असतो.

तर त्या रविवारी काटेसाहेब जुना लेंगा घालून, हातात पत्र्याची खरवडणी घेऊन वळणावर बसले. मधल्या तावदानाचा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला आणि त्याखाली अक्षरं दिसली. काटेसाहेबांनी चष्मा पुसून वाचलं: 'छत्री मिळाली. परत करणाऱ्या सद्गृहस्थांचे आभार. दांडा मात्र बदललेला आहे.'

वर्तमानपत्र होतं. लढाईच्या दिवसांतलं. रात्री उजेड बाहेर गेला तर वरून येणाऱ्या विमानांना गाव दिसेल, म्हणून तेव्हा लोक खिडक्यांना कागद चिकटवत. एका थरानं भागेना म्हणून दुसरा, फट दिसली की तिसरा. लढाई संपल्यावर सोलत कोण बसणार, म्हणून त्यावरच रंग फासलेला. काटेसाहेबांनी खरवडणी खाली ठेवली आणि तिथंच पायरीवर बसून ते वाचू लागले. मधला चहा वर गार झाला, मग बायको तो गरम करून घेऊन खाली आली आणि तीही वाचू लागली.

"'अंधारात सायकल चालवताना घंटी वाजवावी. घंटी नसल्यास गाणे म्हणावे,'" बायकोनं मोठ्यानं वाचलं. "अहो, कसली मजा असेल! सगळा रस्ता गात चाललाय."

"मजा कसली? बॉम्ब पडत होते," काटेसाहेब म्हणाले, पण त्यांच्याही डोळ्यांसमोर तो रस्ता आला होता. घंटी नसलेले, बेसूर, अंधारात गात चाललेले कारकून. आपण असतो तर काय म्हटलं असतं, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला.

ओला फडका लावून हलक्या हातानं ओढलं की वरचा थर सुटायचा आणि खालचा दिसायचा. रोज कामावरून आल्यावर एक थर, असा नेम झाला. पण थर वरून खाली सोलायचे म्हटल्यावर लढाई उलटी चालू लागली. आपल्या फौजेनं नदीवरचा पूल परत घेतला हे आधी कळलं, पूल हातचा गेल्याचं त्यानंतर, आणि पूल कदापि जाणार नाही अशी सेनापतींची ग्वाही त्याच्याही खाली निघाली. ती वाचताना काटेसाहेबांना सेनापतींची फार दया आली. पूल गेल्याचं त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं, की सकाळी दूधवाल्यालाही सांगितलं, "पूल गेला बरं का." तो बिचारा दुसऱ्या दिवशी लांबच्या रस्त्यानं आला आणि अख्ख्या सोसायटीचं दूध उशिरा तापलं.

छत्रीचंही तसंच. 'मिळाली'च्या खाली 'नेणाऱ्याने परत करावी, नाव विचारले जाणार नाही' असं निघालं. त्याखाली 'छत्री नेणाऱ्यास आम्ही ओळखतो.' आणि सगळ्यात खाली 'कोणी चुकून नेलेली दिसते.' समोरच्या बिऱ्हाडातला कंपाउंडर आयुष्यभर डॉक्टरांच्या हाताखाली औषधं देत आलेला, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला तयार असलेला. तो या छत्रीत पुरता अडकला.

"ज्यानं जाहिरात दिली त्यानंच छत्री कुठंतरी विसरली होती," तो ठासून म्हणाला. "सद्गृहस्थ बिचारा भला माणूस. उगाच दमदाटी झाली त्याला."

"आणि दांडा कुणी बदलला?" काटेसाहेबांनी विचारलं.

कंपाउंडर त्या रात्री नीट जेवला नाही, असं त्याची बायको सांगत होती.

काटेसाहेबांची आत्या मात्र सुरुवातीला खाली आलीच नाही. ती त्यांच्याकडेच राहायची. जन्मही याच इमारतीतला, याच घरातला. गुडघे दुखतात म्हणून ती जिना टाळायची. पण छत्रीची चर्चा जेवणाच्या ताटापर्यंत पोचली तेव्हा ती काठी टेकत वळणावर आली, कागदाच्या सुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि म्हणाली, "ही बाबांची खळ. त्यात ते मोरचूद घालायचे, झुरळांनी खाऊ नये म्हणून." मग जरा थांबून म्हणाली, "बाळ, माझा पेपर ह्यातच आहे रे."

काटेसाहेबांच्या हातातला फडका तसाच राहिला.

आत्याचा पेपर ही त्यांच्या घराण्यातली जुनी थट्टा. आत्याचं म्हणणं असं, की लढाईच्या वेळी, ती शाळकरी मुलगी असताना, तिचा निबंध वर्तमानपत्रात छापून आला होता. पहिला नंबर. शेजारी केशतेलाची जाहिरात, तिच्यात एक बाई, आणि त्या बाईचे केस इतके लांब की चौकटीबाहेर गेलेले. एवढी खूण ती सांगायची, पण पेपर दाखव म्हटलं की पेपर नाही. पुढं तिच्या भावानं, म्हणजे काटेसाहेबांच्या वडिलांनी, त्याची म्हणच करून टाकली. घरात कुणी न पटणारं काही सांगितलं की बाकीचे विचारायचे, "आत्याच्या पेपरात आलंय का?" काटेसाहेबांनीही हे हजारदा विचारलं होतं. पुराव्याशिवाय मान्य करायचं नाही, हे त्यांच्या अंगात खात्यात जायच्या आधीपासून होतं. आत्याही हसायची, फक्त हसण्याआधी हातात जे असेल ते खाली ठेवायची.

"पेपर आला, बाबांनी वाचला, घडी घातली," आत्या खिडकीकडं बघत म्हणाली. "एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर पेपर ह्या तावदानाला! म्हटलं, रद्दीत तरी घालायचा होता. तो कुठं गेला हे कुणाला सांगवलंच नाही." या वेळी ती हसली नाही.

त्या संध्याकाळपासून खिडकीचा मामला बदलला. सोमवारी खिडकी जाणार होती आणि तिच्याबरोबर आत्याचा पेपरही. वर्तमानपत्र कधीच बंद पडलं होतं, त्याच्या जागी आता सोफे विकतात. वाचनालयात चौकशी केली तर तिथल्या बाईंनी वाळवीकडं बोट दाखवलं. म्हणजे आत्या जन्मभर खरं बोलत होती की थापा मारत होती, हे सांगू शकणारी जगात एकच वस्तू उरली होती, आणि ती उखडायचा ठराव बिनविरोध झालेला होता. काटेसाहेबांना झोप लागेना. माणसाला न तपासता नापास केलं, असं त्यांच्या हातून आजवर झालेलं नव्हतं. निदान दुकानात तरी.

मधल्या तावदानाचा शेवटचा थर उघडा झाला तेव्हा वळणावर बायको, कंपाउंडर, सेक्रेटरी आणि खास खुर्ची आणून बसवलेली आत्या अशी सगळी मंडळी हजर होती. काटेसाहेबांनी वरच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. पान तीन. रॉकेलचे भाव, पाण्याच्या वेळा, एका मंत्र्यांचं भाषण. आणि अगदी तळाशी चौकटीत: 'मुलांच्या निबंधस्पर्धेचा निकाल पान चारवर पाहा.'

"बघा! पान चार!" बायको ओरडली.

"पान चार कुठाय?" सेक्रेटरींनी विचारलं.

पान चार पान तीनच्या पाठीमागं होतं. ते नेहमी तिथंच असतं. म्हणजे काचेला चिकटलेलं, बाहेरच्या बाजूला तोंड करून.

आता सल्ल्यांना जो ऊत आला तो विचारू नका. कंपाउंडर म्हणाला, वाफ द्या. लेबलं अशीच काढतात. म्हणून हो-नाही करता करता बायकोचा प्रेशर कुकर जिन्यावर आला, शेगडी आली, आणि काटेसाहेब शिट्टीची वाफ तावदानाकडं वळवून बसले. पहिल्या शिट्टीला वरच्या मजल्यावरचे लोक जेवण कुठं शिजतंय ते बघायला खाली आले. दुसऱ्या शिट्टीला काटेसाहेबांचा अंगठा भाजला. तिसऱ्या शिट्टीला कागदाचा एक कोपरा सुटला, पण छापलेली शाई काचेवर राहिली आणि हातात आला तो नुसता लगदा. आत्या एवढंच म्हणाली, "राहू दे बाळ. नाहीतर होतं तेही जाईल." कुकर वर गेला. त्या दिवशी डाळ कच्ची होती आणि काटेसाहेबांनी ती दोनदा वाढून घेतली.

कंत्राटदाराला विचारलं, की अख्खं तावदान सोडवून काढता येईल का. त्यानं येऊन काच बसवायला चौकटीत भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, नखानं टोकरून पाहिली. "दगड झालाय साहेब. हात लावला की काच गेली," तो म्हणाला. "आणि काच कशाला जपताय? नवीन देतोय ना मी."

राहिला एकच मार्ग. बाहेरून वाचायचं.

बाहेरून म्हणजे कसं, हेही सांगायला हवं. एके काळी त्या बाजूला म्हणे मोकळा रस्ता होता. पुढं तिथं एक सरकारी कार्यालय उभं राहिलं, आणि ते इतकं खेटून उभं राहिलं की दोन भिंतींमध्ये एक बोळकांडी तेवढी उरली. कार्यालयात नक्की काय काम चालतं हे सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. बोळकांडीच्या तोंडाला लोखंडी दार, दाराला कुलूप, आणि कुलूप कार्यालयाचं. खिडकी आतल्या बाजूला, माणसाच्या डोक्याच्या जरा वर.

काटेसाहेब स्वतः सरकारी नोकर. म्हणून ते निर्धास्तपणे कार्यालयात गेले. हेडक्लार्कांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या आत्याबाईंचा निबंध आमच्या बोळात आहे," हेडक्लार्क म्हणाले.

"बोळात नाही. आमच्या खिडकीवर आहे. फक्त तो तुमच्या बाजूनं वाचता येतो."

"मग तो कागद तुमच्याकडचा की आमच्याकडचा?"

"आमच्याकडचा."

"पण वाचायचा आमच्याकडून." हेडक्लार्कांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, आमच्या हद्दीतून जे वाचता येतं त्याची आमच्याकडं नोंद पाहिजे. तशी नोंद नाही. म्हणजे आमच्या दृष्टीनं तिथं निबंधच नाही. जो नाही तो वाचायला परवानगी कशी द्यायची?"

 हाच युक्तिवाद काटेसाहेबांनी स्वतः कित्येक दुकानदारांशी केला होता, पण काउंटरच्या अलीकडून तो कसा ऐकू येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी अर्ज केला. अर्जात कारण 'निबंधवाचन' लिहिलं तर तो शिक्षण खात्याकडं जाईल असं कळलं. 'साफसफाई' लिहिलं तर आरोग्याकडं. तिथून परत यायला किती दिवस लागतील याची चौकशी केली, तर हेडक्लार्कांनी छताकडं पाहिलं. शेवटी काटेसाहेबांनी इकडंतिकडं पाहून, आवाज खाली आणून, जे खरं होतं तेच सांगितलं.

"तिला आम्ही जन्मभर खोटं ठरवलं हो. सोमवारी खिडकी जाणार."

हेडक्लार्कांनी अर्ज बाजूला सरकवला. त्यांनी टेबलाचा खण उघडून किल्ली काढली. "माझीही एक मावशी आहे," ते म्हणाले. "तिनं म्हणे एकदा वाघ पाहिला होता. शनिवारी दुपारी या. साहेब लवकर जातात."

शनिवारी दुपारी सगळी फौज जागेवर होती. आत्या वळणावर खुर्चीत, खिडकीच्या आतल्या बाजूला. सेक्रेटरी तिच्याजवळ, कारण सोसायटीच्या मालमत्तेवर लक्ष ठेवणं हे त्यांचं कर्तव्य. बायको वर स्वयंपाकघराच्या खिडकीत. ती खिडकी नेमकी याच बोळकांडीवर उघडत होती. आणि लोखंडी दारापाशी किल्ली घेऊन हेडक्लार्क आणि सल्ले घेऊन कंपाउंडर.

"आडवे शिरा साहेब," कंपाउंडर म्हणाला. "खेकड्यासारखं जायचं. श्वास सोडा, पोट आत घ्या."

काटेसाहेबांनी श्वास सोडला, पोट जितकं येईल तितकं आत घेतलं, आणि भिंतींमधून सरकत, डब्यांवर, विटांच्या तुकड्यांवर पाय देत, कार्यालयाच्या बाजूची भिंत नाकानं घासत खिडकीपर्यंत पोचले. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की खिडकी पाठीमागं आहे.

"वळा!" कंपाउंडर ओरडला.

वळायला जागा नव्हती. मान वळवली तर नाक भिंतीत अडकत होतं. वजनमापे खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसानं बोळाची रुंदी पाहिली, लांबी पाहिली, आपल्या पोटाचा अंदाज घेतला, पण तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं याचा विचार केला नाही. ते तसेच सरकत बाहेर आले. लेंग्याला गंज, डोक्यावर जाळं. हेडक्लार्क सभ्य माणूस. त्यांनी आकाशाकडं पाहिलं. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावर दोनचार लोक थांबले होते. त्यातला एक ओळखीचा किराणा दुकानदार निघाला. मागच्याच महिन्यात काटेसाहेबांनी त्याचा तराजू जप्त केला होता. तो फार आस्थेनं म्हणाला, "साहेब, आत काही तपासणी आहे का?"

काटेसाहेबांनी डोक्यावरचं जाळं काढलं. ते तोंड फिरवून पुन्हा आत शिरले. या वेळी तोंड बरोबर बाजूला होतं, पण पहिल्या खेपेच्या संतापानं पोट फुगलं असावं. खिडकीखाली पोचले, पायाखाली एक विटांचा ढिगारा मिळाला, त्यावर चढले, डोळे तावदानाशी आले, आणि तिथं ते पक्के बसले. पुढं सरकेनात, मागंही सरकेनात.

"पोचलो," ते म्हणाले. अडकलो असं म्हणणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही.

तावदानावर बाहेरून वर्षानुवर्षांची काजळी. फडका लेंग्याच्या खिशात, आणि खिसा भिंतीला दाबलेला. एक हात तेवढा वर मोकळा. त्यांनी बायकोला हाक मारली, "अगं, जरासं पाणी सोड वरून!"

"जरासं म्हणजे किती?" वरून आवाज आला. इतक्या वर्षांनी तिला ही संधी मिळाली होती. आणि उत्तराची वाट न पाहता तिनं साबणाच्या पाण्याची अख्खी बादली उलटी केली.

पाणी डोक्यावरून, चष्म्यावरून, कॉलरमधून, काचेवरून खाली गेलं. काटेसाहेबांनी मोकळ्या हातानं आधी चष्मा पुसला, मग तळव्यानं काच. काजळीचे काळे ओघळ निघाले. आणि त्यांतून, अगदी समोर, एक बाई दिसू लागली. तिचे केस चौकटीबाहेर गेले होते.

"आत्या," काटेसाहेबांनी हाक मारली. "ती बाई आहे गं. केसांची."

 काच पातळ होती, त्यामुळे आत खुर्ची करकरलेली ऐकू आली.

त्यांनी शेजारचा रकाना पुसला. 'मुलांच्या निबंधस्पर्धेचा निकाल.' पहिला क्रमांक. तिथं कुठल्याशा मुलाचं नाव होतं. दुसरा क्रमांक. तिसरा. ती नावंही भलतीच. काटेसाहेबांनी तिन्ही नावं पुन्हा वाचली. ते पुसत खाली गेले, आणि शेवटच्या चौकटीत आत्याचं नाव सापडलं, वडिलांच्या नावासकट, शाळेसकट. वर लिहिलं होतं: 'उत्तेजनार्थ.' खाली अख्खा निबंध.

आता या माणसाची अवस्था बघा. ज्यानं गुंजभर खोट कधी कुणाला माफ केली नाही, तो एक सरकारी आणि एक सोसायटीची अशा दोन भिंतींत अडकलेला, दारापाशी जप्त तराजूवाला उभा, काचेपलीकडं आत्या कान देऊन बसलेली. एक शब्द बदलला तर कुणाला कळणार होतं? काटेसाहेबांनी तोंड उघडलं. "पहिला..." ते म्हणाले, आणि थांबले. जीभ पुढं जाईना.

"उत्तेजनार्थ असेल बघ," आतून आत्याचा आवाज आला. "पहिला मी मागाहून केला. तुम्ही कुणी मानेनात, म्हणून म्हटलं, वाढवून सांगावं. वाच तू, निबंध वाच."

सेक्रेटरी हसल्याचं ऐकू आलं आणि लगेच गप्प झाल्याचंही. काटेसाहेबांनी गळा साफ केला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आत्याचा एकही शब्द चुकू नये म्हणून ते चांगलंच ओरडून वाचत होते, त्यामुळे दारापाशी, रस्त्यावर आणि वरच्या खिडक्यांतही सगळ्यांना ऐकू गेलं.

"'आमच्या जिन्यातला अंधार. आमच्या जिन्यात आता दिवा लावत नाहीत. खिडकीला गोणपाट लावले आहे. आई म्हणते, अंधारात जिन्यावर जाऊ नको. पण मला भीती वाटत नाही. बाबा कामावरून येतात तेव्हा खालच्या पायरीवर एकदा खोकतात, वळणावर एकदा खोकतात आणि दारापाशी एकदा खोकतात. त्यांना खोकला झालेला नाही. मी घाबरू नये म्हणून ते खोकतात. ते तसे सांगत नाहीत, पण मला कळते. लढाई संपली की जिन्यात दिवा लागेल. मग बाबा खोकणार नाहीत. तेव्हा ते कुठपर्यंत आले हे मला कसे कळेल, याचा मी विचार करत आहे.'"

वाचून झालं.  वर बायको रिकामी बादली धरून तशीच उभी होती.

काटेसाहेबांचं लक्ष बाजूच्या तावदानांकडं गेलं. साबणाचं पाणी तिथंही ओघळलं होतं. त्यांनी हात पुरला तिथपर्यंत पुसलं. एका काचेवर मजकूर उलटा, पाय वर डोकं खाली. दुसरीवर आडवा. तिसरीवर तीन तुकडे तीन दिशांनी, हाताला येईल तसे चिकटवलेले. अंधार करायला कागद लावणारा माणूस सरळ-उलटं कशाला बघेल? मधल्या तावदानावरचा हा एकच कागद सरळ होता. केसांची बाई अर्धी कापलेली, रॉकेलवाल्या बाजूचं काय होईल याची पर्वा न केलेली, आणि आत्याचा निबंध बरोबर काचेच्या मधोमध. रेषेत. कुठं सुरकुती नाही. बाहेरच्या बाजूला तोंड करून.

"हेडक्लार्कसाहेब," काटेसाहेबांनी मान न वळवता विचारलं, कारण ती वळतच नव्हती, "तुमचं कार्यालय व्हायच्या आधी इथं काय होतं?"

"रस्ता होता," दारातून हेडक्लार्क म्हणाले. "बाजाराचा. आमच्या जुन्या नकाशात आहे ना. सगळं गाव इथूनच जायचं."

काटेसाहेब काचेजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आत्या, ऐकलंस? बाकी सगळे कागद वाकडेतिकडे आहेत. तुझा तेवढा सरळ लावलाय. आजोबांनी तो आतल्या लोकांसाठी लावलाच नव्हता गं. रस्त्यावरच्या लोकांना वाचता यावा म्हणून लावला होता. सगळं गाव वाचून गेलं असेल. आपणच तेवढे आतल्या बाजूला राहिलो."

आत खुर्ची पुन्हा एकदा करकरली. मग सेक्रेटरींचा आवाज आला, नेहमीपेक्षा पुष्कळ खाली. "सोमवारचं मी बघतो. वळणावर एक जास्तीचा दिवा लावू. खिडकी आहे तिथं राहू दे."

त्यावर कुणी काही म्हणणार, एवढ्यात काचेपलीकडून खोकल्याचा आवाज आला. एकदाच. मोजका.

आत्याला खोकला झालेला नव्हता. काटेसाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं, सकाळीच तर तिनं कंपाउंडरचं खोकल्याचं औषध गरज नाही म्हणून परत पाठवलं होतं. त्यांनी काचेवर तळवा टेकला आणि जमेल तेवढी छाती फुगवून तेही एकदा खोकले. त्यामुळे ते भिंतीत आणखी घट्ट बसले, आणि त्यांना बाहेर काढायला शेवटी त्या तराजूवाल्यालाच तेलाचा डबा घेऊन आत यावं लागलं.